डूम, आबाजी आणि वरची माडी

आधी एक कबुली. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतील, उरलेल्या पोटात घाला. विषय मात्र आवडीचा निवडलाय : जुने फर्स्ट पर्सन शूटर गेम्स. म्हणजे ज्यात आपला हिरो दिसत नाही, फक्त त्याच्या हातातली बंदूक दिसते आणि समोरचं जग आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो, ते. रेक्टर सरांनी लगेच पान उलटू नये. यात बंदुका कमी आणि सिव्हिल इंजिनिअरिंग जास्त आहे!

माझं गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. यवतमाळहून दारव्ह्याला जाताना अडाण नदीचा पूल लागतो, तेच. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद, आणि मग गावात करण्यासारखं काहीच उरत नाही. फर्स्ट इयर झाल्यावर मी घरी होतो तेव्हा अशीच वेळ आली. लॅपटॉप दुरुस्तीला दिलेला आणि घरात फक्त काकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधला एक डबा. रॅम १ जीबी, ग्राफिक्स कार्डाच्या नावाने शून्य. त्यावर आजचा एकही गेम उघडणार नव्हता. डूम मात्र उघडला, आणि लोण्यासारखा चालला.

चालणारच. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने १० डिसेंबर १९९३ ला तो बाजारात आणला, तेव्हा त्याला ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम पुरत होती. पण प्रश्न असा की, तिशी ओलांडलेला गेम अजून जिवंत कसा? त्याच काळातले शेकडो गेम्स मेले. आजच्या विंडोजवर ते सुरूच होत नाहीत. डूमचे नवे नकाशे मात्र आजही जगभरातले लोक बनवतात. गेम भारी होता हे खरं, पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे, ते त्याच्या फाईलमध्ये आहे.

१९९२ साली याच कंपनीचा वोल्फेन्स्टाइन थ्रीडी आला होता. खेळणाऱ्यांनी तो फोडून त्यात आपापले नकाशे, आपापली चित्रं घुसवली. दुसरी एखादी कंपनी चिडली असती. इथे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक खूश झाला. त्याने डूममध्ये प्रोग्राम वेगळा ठेवला आणि नकाशे, चित्रं, आवाज असा सगळा माल वेगळ्या फाईलमध्ये भरला. त्या फाईलचं नाव वॅड. मूळ फाईलला हात न लावता आपली छोटी वॅड वरून जोडायची, की गेम आपला माल आधी उचलतो. याला म्हणतात मॉडिंग.

सी शिकलेल्या कोणालाही वॅड वाचता येईल. पहिले १२ बाइट हेडर : चार अक्षरांची ओळख, मग आत किती वस्तू आहेत तो आकडा, मग यादी फाईलमध्ये कुठे सुरू होते तो पत्ता. यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची : वस्तू कुठे आहे, केवढी आहे आणि आठ अक्षरांचं नाव. संपलं! सेकंड इयरच्या लॅबमध्ये आपण विद्यार्थ्यांच्या मार्कांची फाईल वाचतो ना, त्यापेक्षा हे सोपं आहे, आणि शेवटी राक्षस दिसतो. मी प्रोग्राम लिहून डूमच्या पोटातली नावं छापली, तेव्हा कळलं की फाईल हँडलिंग या प्रकरणात काही मजा असू शकते.

दुसरी गोष्ट कंपनीने २३ डिसेंबर १९९७ ला केली. डूमचा सोर्स कोडच देऊन टाकला, आणि १९९९ मध्ये तो जीपीएल लायसन्सखाली आणला. मग ज्याला जे हवं ते त्याने केलं. चॉकलेट डूम हा प्रोग्राम मूळ गेम जसाच्या तसा चालवतो, अगदी त्यातल्या चुकांसकट. जीझेडडूममध्ये उतार, रंगीत प्रकाश, वरखाली बघणं असं सगळं आहे, पण त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. काकांच्या डब्यावर मी प्रीबूम प्लस वापरला, तो मधल्या घरातला. क्वेकचा कोड १९९९ मध्ये आणि क्वेक थ्रीचा २००५ मध्ये असाच खुला झाला. ग्राफिक्समध्ये रस असेल त्याने तो वाचावाच.

इथे एक घोळ सगळेच करतात. कोड मोकळा झाला म्हणजे गेम फुकट झाला, असं नाही. प्रोग्राम मोकळा आहे, पण वॅडमधली चित्रं, आवाज, नकाशे अजून मालकीचे आहेत. फुकट वाटायला दिलेला भाग फक्त पहिल्या नऊ लेव्हलचा, आणि त्यावर दुसऱ्यांच्या वॅड जोडायला मूळ गेम साफ नकार देतो. त्यामुळे मला ‘कॉपी दे ना यार’ म्हणणाऱ्यांना एकच उत्तर : एकतर विकत घ्या (सेल लागला की मेसच्या एका दिवसाच्या जेवणात येतो), नाहीतर फ्रीडूम घ्या. फ्रीडूम म्हणजे लोकांनी सगळी चित्रं आणि नकाशे नव्याने काढून केलेली मोफत वॅड. राक्षस थोडे बावळट दिसतात, पण गोळ्या त्याच.

आपल्या हॉस्टेलमध्ये ज्यांना पबजी आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले आणि सगळ्यांची कमाई एका रात्रीत गेली. मी बंदी बरोबर की चूक यात शिरत नाही, माझ्या आईच्या मते तर ती दोन वर्षं उशिरा आली. पण जो गेम कोणाच्या तरी सर्व्हरवर राहतो, तो आपला नसतो. डूम पेन ड्राइव्हवर राहतो.

आणि मॉडिंग म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असंही नाही. काउंटर स्ट्राइक आठवा. आपल्या आधीच्या पिढीने सायबर कॅफेत आणि हॉस्टेलच्या लॅनवर ज्याच्यापायी रात्री घालवल्या तो गेम. (२००७ साली आयआयटी मुंबईने हॉस्टेलचं इंटरनेट रात्रीचं बंद केलं होतं, त्यामागच्या कारणांत गेम्सही होते. तेव्हा आपल्या वायफायला शिव्या देताना इतिहास ध्यानात ठेवा.) तो काउंटर स्ट्राइक मुळात १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन पोरांनी हाफ लाइफवर केलेला मॉड होता. हाफ लाइफ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो नंतर विकत घेतला. त्यातला प्रसिद्ध डस्ट हा नकाशा बनवणारा डेव्ह जॉन्स्टन तेव्हा विशीच्या आतला होता. आपल्याकडेही काम चालू आहेच : पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये इंडस नावाचा स्वतःचा शूटर आणला.

आता बोरी अरबकडे येतो. आमचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, पुढे ओसरी आणि लाकडी जिन्याने वर गेलं की माडी. माडीवर आबाजी झोपायचे, गुडघे दुखायला लागेपर्यंत. म्हटलं, फोटो सगळेच काढतात, आपण घर डूममध्ये बांधू. टेप घेतला, आबाजींना दुसरं टोक धरायला लावलं, आणि खोली खोली मोजून वहीत प्लॅन काढला. दोन दिवस ते मला खांब कोणत्या शेतातून आले आणि कोणती भिंत कधी पडली होती ते सांगत होते. प्लॅनपेक्षा तेच जास्त लिहिलं गेलं.

डूमचा खेळाडू ५६ युनिट उंच असतो, म्हणून मी एका फुटाला दहा युनिट धरले. नकाशा काढायला एडिटर मिळतात (विंडोजवर अल्टिमेट डूम बिल्डर, लिनक्सवर युरेका). रेषा काढायच्या, बंद आकार झाला की तो एक सेक्टर, आणि सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड द्यायचा. संध्याकाळपर्यंत ओसरी उभी झाली. आत जायला गेलो तर दारात अडकलो! आमची जुनी दारं साडेपाच फुटांची, म्हणजे ५५ युनिट. प्रत्यक्षात आपण मान लववून आत जातो. डूमचा हिरो वाकत नाही, त्याला वाकताच येत नाही. शिवाय तो ३२ युनिट रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वातीन फुटांचा पहिलवान, त्यामुळे माजघराचं दार आणखी रुंद करावं लागलं. दोन फुटांचा ओटा मात्र तो पायरी नसताना चढला, कारण २४ युनिटपर्यंत त्याला चढायला काही वाटत नाही.

मग चॉकलेट डूममध्ये बघावं म्हणून अंगणात उभा राहिलो, तर गेम धाडकन बंद. कारण शोधायला एक रात्र गेली. मूळ डूम एका वेळी १२८ च जमिनी-छतं लक्षात ठेवतो. उंची, चित्र किंवा उजेड यापैकी काहीही बदललं की ती वेगळी मोजतो. मी हौसेने पायऱ्या, चुली, गोठ्याच्या गव्हाणी सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या केल्या होत्या, आणि अंगणातून सगळं एकदम दिसत होतं. प्रीबूम प्लसमध्ये ही मर्यादा काढलेली आहे, म्हणून तिथे चाललं.

आबाजींना खुर्चीवर बसवून घर दाखवलं. राक्षस आधीच काढून टाकले होते. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सारं बराबर हाये. पन माडी कोठी गेली रे?"

माडी नव्हती, कारण डूममध्ये माडी होऊच शकत नाही. नकाशातल्या प्रत्येक बिंदूला फक्त दोन आकडे असतात, एक्स आणि वाय. उंची बिंदूला नसते, सेक्टरला असते, आणि एका सेक्टरला एकच जमीन, एकच छत. दिसायला थ्रीडी, पण आतून कागदावरचा प्लॅन. आमचा अडाणचा पूलही यात करता येत नाही : पुलावरून चालाल तर खालून जाता येणार नाही.

हा आळस नव्हता, वेगासाठी केलेला सौदा होता. खेळाडूला काय दिसतं आणि आधी काय दिसतं, हे ठरवणं त्या काळच्या मशीनला फार जड. त्यासाठी कारमॅकने बायनरी स्पेस पार्टिशनिंग वापरलं. ही पद्धत फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या १९८० च्या पेपरमधली. आख्खा प्लॅन एका रेषेने दोन भागांत कापायचा, प्रत्येक भाग पुन्हा कापायचा, तुकड्यांत एकही आत वळलेला कोपरा उरत नाही तोवर. त्याचा बायनरी ट्री होतो, आणि तो नकाशा बनवतानाच तयार करून फाईलमध्ये ठेवतात. खेळताना प्रत्येक कापाशी एकच प्रश्न : मी या रेषेच्या अलीकडे की पलीकडे? ज्या बाजूला मी, ती बाजू आधी काढायची. जवळचं आपोआप आधी येतं आणि झाकलेलं काढावंच लागत नाही. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरला आपण हा ट्री पाच मार्कांसाठी पाठ करतो, इथे त्याच्यावर घर उभं असतं. पण हे सगळं सपाट कागदावर चालतं, म्हणून खोलीवर खोली नाही.

आबाजींना यातलं काय सांगणार? म्हटलं, "दोन दिवस द्या."

१९९८ च्या बूम या प्रोग्रामने एक सोय आणली होती, प्रीबूम प्लसमध्ये ती आहे : रेषा क्रमांक २४४. ती ओलांडली की खेळाडू आवाज न होता, चमक न होता नकाशावरच्या दुसऱ्या रेषेवर पोचतो. मी माडी घरापासून लांब, नकाशाच्या कोपऱ्यात बांधली. जिन्याच्या मधल्या पायऱ्या दोन्हीकडे हुबेहूब सारख्या काढल्या, सांधा त्यांच्या मधोमध लपवला. माणूस खालून चढतो, अर्ध्यात कोपऱ्यात फेकला जातो आणि वरून निघतो. त्याला पत्ता लागत नाही. उतरायला तशीच दुसरी जोडी.

आबाजींनी या वेळी माउस स्वतः धरला. भिंतींना धडकत धडकत जिना चढले. माडीवर पोचल्यावर खिडकीकडे वळले आणि थांबले. "अन् नदी?"

खिडकीबाहेर काही नव्हतं. माडी कोपऱ्यात, नदी आणि अंगण दुसऱ्या टोकाला. तिथून अंगण दिसायचं तर खिडकीखाली अंगण, गोठा, नदीचा काठ असं सगळं दुसऱ्यांदा बांधावं लागतं. सध्या तेच करतोय, काठाचा निम्मा भाग झालाय. ज्यांना वॅड हवी त्यांनी सेकंड फ्लोअरला पेन ड्राइव्ह घेऊन यावं. दारातून जाताना वाकायची गरज नाही.