लक्ष्मणरावांनी सोडलेल्या गोष्टी

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आयुष्य आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात बसेल अशा बेताने सांगितलं जातं. सायकलचं दुकान, लोखंडी नांगर, माळावर वसवलेली वाडी आणि देशभर पसरलेले कारखाने, अशी ती चढती भाजणी. पण तारखा समोर मांडल्या की निराळं काही दिसू लागतं. हा माणूस जन्मभर काही ना काही सोडत आला. चित्रकला सोडली, मुंबईची नोकरी सोडली, चालतं दुकान सोडलं, बेळगाव सोडावं लागलं. उतारवयात स्वतः उभा केलेला कारखाना पुढच्यांच्या हाती देऊन तो निवृत्त झाला. मिळवलेल्या गोष्टींची यादी त्यांच्या शताब्दीच्या वेळी, १९६९ साली टपाल तिकिटापर्यंत पोचली. सोडलेल्या गोष्टींकडे मात्र कुणी फारसं पाहिलेलं नाही.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. मराठी नाटकाला आणि मराठी कारखानदारीला एकाच खेड्यानं, एकाच आडनावानं माणसं पुरवली. लक्ष्मणरावांचं मन पुस्तकात नव्हतं, चित्रांत आणि यंत्रांत होतं. मुंबईला जाऊन ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे काही काळ शिकल्यावर कळलं की त्यांना काही रंगांमधला फरक दिसत नाही. चित्रकाराला याहून मोठा अडसर कोणता? त्यांनी रंग ठेवले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाटनं शिकले, नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवू लागले आणि तिथल्या कर्मशाळेत यंत्रं खोलून-जोडून आपलं आपण शिकत राहिले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

इथे थोरले बंधू रामूअण्णा येतात. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावातला दुसरा भाऊ तो हाच. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत असतानाच, १८८८ मध्ये, दोघांनी सायकलींचा धंदा सुरू केला होता. धाकटा मुंबईहून सायकली पाठवायचा, थोरला बेळगावात त्या विकायचा आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचाही. सायकल म्हणजे तेव्हा साहेबाची किंवा सरदाराची चीज. शिकवण्याचे पैसे वेगळे पडत. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला परतले ते या भावाच्या भरवशावर. तंत्र एकाचं आणि माणसं सांभाळणं दुसऱ्याचं, अशी ही वाटणी होती. आपल्या उद्योगचरित्रांमधून असे रामूअण्णा हटकून गळतात. नवं यंत्र जुळवणारा लक्षात राहतो आणि हिशेब, उधारी, पै-पाहुणा, रुसवेफुगवे सांभाळणारा अर्पणपत्रिकेत जातो.

सायकलींच्या धंद्यात इतर विक्रेते आले, नफा आटला आणि दोघांनी तो धंदा सोडला. पवनचक्क्या विकून पाहिल्या. मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली, असं सर्वत्र सांगितलं जातं, आणि कारण म्हणून लोखंडाने जमिनीत विष भिनतं ही शेतकऱ्यांची समजूत पुढे केली जाते. समजूत असेलही. पण मला हे कारण जरा सोयीचं वाटतं. त्यात शहाणा कारखानदार आणि अडाणी कुणबी अशी जोडी आयती जमते. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देत असे. सुगीला धान्य दिलं की वर्षभराची डागडुजी त्यात आली. लोखंडी नांगराला रोख पैसे पडत, काळ्या रानात तो ओढायला दोन-चार जोड्या बैल लागत, आणि फाळ तुटला तर गावात बदलून देणारं कुणी नव्हतं. हा हिशेब करून शेतकरी थांबला असेल तर त्यात अडाणीपणा कसला? लक्ष्मणरावांनाही ते उमगलं असावं. फाळ टिकाऊ करणं आणि सुटे भाग मिळतील अशी सोय करणं यावर त्यांचा पुढे भर राहिला. हरळी आणि कुंदा मुळापासून उपटायला लाकडी नांगर पुरा पडत नाही, हे शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहिल्यावर मागणी आपोआप वाढली.

धंदा जमतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. ठळकवाडीचं नवं उपनगर वसवायचं होतं. जावं कुठे? औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांची ओळख आधीची होती. औंधच्या यमाई देवीच्या मंदिराजवळच्या मंडपाचं काम त्यांनी केलं होतं. बाळासाहेब स्वतः चित्रकार. राजा आणि कारखानदार यांच्यातला दुवा असा अर्धवट राहिलेल्या चित्रकलेचा होता, हे मला या गोष्टीतलं सर्वांत गमतीचं वाटतं. औंध संस्थान म्हणजे सलग मुलूखही नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल असे विखुरलेले तुकडे. त्यातल्या कुंडलजवळ, रेल्वेच्या कडेला, बाळासाहेबांनी बत्तीस एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. निवडुंग आणि साप यांखेरीज त्या माळावर काही नव्हतं. १० मार्च १९१० ला तिथे वस्ती सुरू झाली. कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतलं साकची गाव तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. त्यामागे टाटांची तिजोरी होती, इथे एका छोट्या संस्थानिकाचं कर्ज.

जमवलेली माणसंही अजब. शंभोराव जांभेकर यंत्रांचे जाणकार, मंगेशराव रेगे कचेरीचे, आणि शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर नांगरांच्या रचनेत डोकं चालवणारे. रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी, दरोडेखोरीसाठी शिक्षा भोगून आलेला. चोराच्या हाती किल्ल्या दिल्याची ही कथा लक्ष्मणरावांच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून सांगितली जाते. ती खरी आहेच. पण तिच्यात व्यवहारही होता. आडरानातल्या कारखान्याला तो मुलूख आणि तिथली माणसं ओळखणारा राखणदार हवा होता. तीस वर्षांनी, १९३९ मध्ये, याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा तो प्रयोग व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळे देशाला ठाऊक झाला. एकातून दुसरं निघालं असा पुरावा माझ्यापाशी नाही. एवढंच म्हणतो, की शिक्षा झालेल्या माणसावर विसंबता येतं हे त्या संस्थानात आधी कुणीतरी करून दाखवलेलं होतं.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक. सोवळं-ओवळं त्यांनी स्वतःच्या घरातही कधी मनावर घेतलं नाही. पत्नी राधाबाईंनी त्या उघड्या माळावर संसार मांडला तो याच रीतीने. घरातली मुलं, पुतणे, कामगार, कारकून यांचा तो एकच मोठा गोतावळा होता. गावच्या पंचायतीपासून नाटकाच्या तालमीपर्यंत सगळीकडे किर्लोस्करांचाच हात. या गोष्टीला दुसरी बाजू आहे. मालक आणि वडीलधारा एकच झाला की कामगाराला तक्रार करणं अवघड होतं. वाडीच्या कौतुकात हे सहसा येत नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा येणं थांबलं. भट्टीला कोळशाऐवजी जंगलातलं लाकूड जाळून पाहिलं गेलं, आणि लोखंडासाठी शाहू महाराजांनी कोल्हापूरकडच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्याची आठवण सांगितली जाते. तोफांचे नांगर झाले, हे वाक्य भाषणात फार शोभतं. पण त्या वर्षांत हाती लागेल त्या धातूवर भट्टी पेटती ठेवायची, एवढाच विचार कारखान्यात असणार. १९२० मध्ये भागीदारीची रीतसर कंपनी झाली.

त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्रक होतं. त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच महाराष्ट्रभर गेले. विधवाविवाह, शिक्षण, घरकामातला नवरा-बायकोचा वाटा या विषयांवर घराघरांत वाद झाले. नांगराच्या कारखान्यातून हे सगळं छापून यावं हे आज विचित्र वाटतं. लक्ष्मणराव स्वतः लिहिणारे नव्हते. त्यांनी पुतण्याला मोकळीक दिली आणि मध्ये पडले नाहीत. काकांचं चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ लिहिलं तेही शंकररावांनीच.

मुलाच्या बाबतीतही तेच. शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत गेले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. त्याच वर्षी वाडीत पाणी उपसायचे पंप तयार होऊ लागले. बापाचं सगळं नाव नांगरावर उभं होतं. मुलगा पंप, मग इंजिनं, मग यंत्रं घडवणारी यंत्रं यांच्या गोष्टी करत होता. थोड्याच वर्षांत जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगर घेणाराच उरला नाही. त्या वेळी ‘आमच्या काळी’ म्हणत सूत्रं हातात ठेवणारे कारखानदार कमी नव्हते. लक्ष्मणराव हळूहळू मागे सरले. काही काळ त्यांनी औंधच्या दिवाणपदाचं काम पाहिलं. १९३९ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. जुन्या स्नेह्यांपैकी एकाने कारखाना सोडला, दुसऱ्याने राज्य. चाळिशीच्या दशकात हरिहर, बंगळूर आणि पुण्याजवळची खडकी इथे नवे कारखाने निघाले ते पुढच्या पिढीच्या हिमतीवर.

कुंडल हे नाव त्याच काळात वेगळ्या कारणाने गाजत होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ते बालेकिल्ल्यासारखं गाव, जी. डी. बापू लाड तिथलेच. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, दक्षिण साताऱ्यात ब्राह्मणांची घरं जळाली आणि जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला. शंतनुरावांनी ‘कॅक्टस अँड रोझेस’ या आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं आहे. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जातपात न मानणारी वाडी जातीच्या रागात जळाली. अडतीस वर्षांचं काम वाडीच्या कुंपणाबाहेर किती झिरपलं होतं, याचा हिशेब कुणीच मांडला नाही, आणि तो सोपाही नव्हता. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ ला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणराव गेले.

अलीकडच्या वर्षांत कुटुंबातल्या व्यवसायांच्या वाटणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. त्यात कोण बरोबर हे बाहेरच्याने सांगू नये. चौथ्या पिढीत कंपन्या, भागभांडवल आणि एकाच आडनावाचा हक्क यांचा जो गुंता होतो तो दोन भावांच्या सायकलच्या दुकानात होऊच शकत नव्हता. तिथे वाटून घ्यायला फारसं काही नव्हतं.

वाडी आता सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येते. आसपास ऊस आणि द्राक्षं. कृष्णेचं पाणी ताकारी योजनेने उपसून वर आणलेलं, आणि रानात नांगरट ट्रॅक्टरची. लक्ष्मणरावांच्या कारखान्यात अजून पंप होतात. सरदार सरोवराच्या सौराष्ट्र शाखा कालव्यावरचे भलेथोरले पंपही याच कंपनीचे.