पोटरीचे दुखणे आणि हृदयरोगतज्ज्ञ

पायांच्या धमन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद झाल्या की चालताना स्नायूंना पुरेसे रक्त मिळत नाही. पोटरीत गोळे येतात, थांबले की काही मिनिटांत ओसरतात, आणि चालू लागल्यावर साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा येतात. वाराणसीच्या पंचगंगा घाटावर हे लक्षण लपत नाही. कार्तिकस्नान आटोपून औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या बिंदुमाधवाच्या मंदिराकडे जायचे, तर खड्या दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. दर वेळी त्याच टप्प्यावर पोटरी धरत असेल, तर वयाला दोष देऊन तेल चोळत बसण्यात मोलाचे महिने वाया जातात. पुष्कळ मधुमेह्यांच्या पायांची संवेदना बोथट झालेली असते. त्यांच्यात अनवाणी चालताना झालेली, भरून न येणारी जखम हीच कधी कधी पहिली खूण असते.

पायाच्या दुखण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ कशाला? कारण तेच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतात. यातल्या बहुतेक रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक असतो.

तपासणी सोपी आहे. घोट्याशी मोजलेल्या वरच्या (सिस्टॉलिक) रक्तदाबाला दंडावर मोजलेल्या वरच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर 0.90 किंवा कमी आले तर आजार आहे. मधुमेहात कधी कधी धमन्या कडक होऊन आकडा फसवा, 1.40 च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

उपचारात तंबाखू आणि विडी सोडणे सर्वांत आधी. जोडीला स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, रक्तदाब व साखरेवर ताबा, आणि आठवड्यातून किमान तीनदा, दुखले की थांबत पुन्हा चालण्याचा व्यायाम. चालण्याचे अंतर वाढवणारे सिलोस्टॅझोल हे औषध हृदय निकामी होत असलेल्यांना देता येत नाही. म्हणून आधी हृदयाची ताकद पाहावी लागते.

एवढ्याने भागले नाही तर अँजिओप्लास्टी. हे तंत्र हृदयाकडे आले तेच मुळी पायाकडून. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी एका 82 वर्षांच्या स्त्रीच्या मांडीतली धमनी नळीने रुंद केली आणि कापावा लागणारा पाय वाचवला. आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी 1974 मध्ये झुरिचला पायाच्या धमनीत फुगा वापरला; हृदयाच्या धमनीत तो 1977 मध्ये पोहोचला. अडथळा फार लांब असेल तर मात्र रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडून बायपास करावा लागतो.

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर झाला, तर तासांचा हिशेब असतो. लगेच रुग्णालय गाठावे लागते. धमनी अचानक बंद करणारी ही रक्ताची गुठळी पुष्कळदा अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातूनच सुटलेली असते. पायाचा रक्तप्रवाह मोकळा झाल्यावर तिचा उगम ईसीजी आणि इकोने शोधणे, आणि पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध ठरवणे हे काम हृदयरोगतज्ज्ञाकडे येते.