बिनपंख्याचा कारकून

दिवाळी आली की घराघरांतून जळमटे निघतात, माळे रिकामे होतात, कपाटामागची वर्षाची धूळ बाहेर पडते. पण संगणकाच्या पोटात काय साचले आहे, हे पाहण्याची बुद्धी फार थोड्यांना होते. या पोटात एक पंखा फिरत असतो. बाहेरची हवा आत ओढून यंत्राला थंड ठेवणे, हे त्याचे काम. आता हवेबरोबर जे काही येईल, तेही तो ओढणारच! दिवाणखान्यात हे वर्षानुवर्षे खपून जाते. कारखान्यात मात्र राखणदारानेच चोराला दार उघडून द्यावे, तशातला प्रकार होतो.

सांगलीत मी हे डोळ्यांनी पाहिले. सांगली म्हणजे हळदीची पेठ. तेथे माझ्या अक्काच्या मुलाचे हळद-मसाल्याचे कांडप आहे. दाजी गेल्यानंतर त्याने कर्ज काढून ते सावरले. हळकुंडे दळताना उडणारी पूड इतकी बारीक, की भिंती, वह्या, माणसांच्या भुवया, सारे काही पिवळे! दोन वर्षांत तेथे दोन संगणक निकामी झाले. दुसरा तर ऐन हंगामात, फाल्गुनात बसला. पोती काट्यावर, गिऱ्हाइके दारात आणि पावत्या हाताने लिहायच्या! वजनांचा आणि येण्यांचा मेळ लागेना. कराचे विवरणपत्र लांबले, वर दंड बसला.

"मामा, कर्जाचा हप्ता कसाबसा भरतोय मी. दर वर्षी नवं यंत्र कुठून आणू?" भाचा म्हणाला. अक्का काही बोलली नाही. पण तिचा चेहरा पाहून मला राहवेना.

मी पडलो मराठी शिकवणारा. म्हणून आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन सांगली गाठली. त्यांनी बंद पडलेले यंत्र उघडले. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक गठ्ठा असतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी. त्याच्या फटींत हळद बसून पिवळी गादीच झाली होती. हवेला वाट नाही म्हटल्यावर उष्णता जाणार कोठे? अशा वेळी प्रोसेसर जिवाच्या भीतीने आधी आपली गती कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते.

"मग पंखाच काढून टाकला तर?" भाच्याने विचारले. प्रश्न भाबडा वाटला, तरी उत्तर तेच होते. मात्र पंखा काढायचा, तर मुळात उष्णताच कमी निर्माण व्हायला हवी.

या उष्णतेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या 'एनिॲक' संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली रीतसर सुरू झालेला 'टिफ्रॅक' हाही नळ्यांचाच. आज टेबलावरच्या संगणकातील प्रोसेसर पुष्कळदा ६५ वॉटचा असतो. पण २०२३ साली बाजारात आलेल्या 'इंटेल एन १००' या प्रोसेसरची नेमलेली मर्यादा अवघी ६ वॉट! घरातला एलईडी दिवासुद्धा ९ वॉटचा असतो. जोराचे काम पडले की तो घटकाभर जास्त वीज घेतो, हे खरे; पण पावत्या, जमाखर्च आणि काट्यावरची वजने टिपायला तो भरपूर झाला. कारकुनाच्या जागी पहिलवान नेमायचा आणि मग त्याच्या खुराकाची काळजी वाहायची, हा उद्योग सांगितला आहे कोणी?

एका रविवारी आम्ही तिघे जुळणीला बसलो. १७ सेंटिमीटर लांब-रुंद मदरबोर्ड. पेटी जाड ॲल्युमिनियमची, बाहेरून पात्यांची, आणि वाऱ्यासाठी एकही भोक नसलेली. प्रोसेसर आणि पेटी यांच्यामध्ये तांब्याचा ठोकळा ठेवला. दोन धातू कितीही घासून गुळगुळीत केले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता पुढे द्यायला मोठी कंजूष. ॲल्युमिनियम तिच्या हजारो पटींनी उदार. म्हणून सांध्यात उष्णता वाहून नेणारा लेप पातळसा पसरला. चुलीवरच्या पातेल्याचा काठ जसा तापतो, तशी आता सारी पेटीच उष्णता बाहेर टाकते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातली. तीत हलणारे काहीच नाही. विजेचा अडॅप्टर बाहेर ठेवला आणि रिकाम्या खाचांना रबरी बुचे लावली.

पेटी भिंतीवर टांगली ती पाती उभी राहतील अशी. तापलेली हवा आपोआप वर चढते आणि उभ्या पात्यांवर पूडही कमी ठरते. एक सावधगिरी मात्र प्रत्येकाने घ्यावी. बारीक पूड हवेत दाट पसरली, की एखाद्या ठिणगीनेही भडका उडू शकतो. आणि बिनपंख्याची पेटी म्हणजे स्फोटरोधक पेटी नव्हे. म्हणून दळणाचे यंत्र एका खोलीत आणि हा कारकून भिंतीपलीकडे, पुड्या बांधायच्या खोलीत, अशी व्यवस्था केली.

वैशाखातल्या दुपारी सलग चार तास यंत्र राबवून पाहिले. प्रोसेसरचे तापमान ७८ अंशांवर स्थिरावले. त्याची कमाल मर्यादा आहे १०५. तिघांनीही सुस्कारा सोडला!

त्यानंतर दोन हंगाम गेले. एकही पावती हाताने लिहावी लागली नाही आणि हप्ते वेळेवर जात आहेत. देखभाल म्हणाल, तर पात्यांवर पूड साचली की तिचेही पांघरूण होते. म्हणून दर शनिवारी अक्का कोरड्या फडक्याने ती पुसते. यंदा सहकाऱ्यांनी मळे सोडवून पेटी उघडली. आत पाहून अक्का म्हणाली, "दोन वर्षं हळदीत राहिला, पण याला काही अजून हळद लागली नाही!"