जुन्या वाड्याला नवी जोड

कोल्हापुरात दिवाळीच्या आसपास किरणोत्सवाचे वेध लागतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यातल्या अंबाबाईपर्यंत पोहोचतात. हा मंडप मूळ मंदिराचा भाग नव्हे. मंदिर दगडी, कित्येक शतकं जुनं. मंडप लाकडी, १८४०च्या सुमारास पुढे जोडलेला. त्याने दगडाची नक्कल केली नाही आणि उजेडाची वाटही अडवली नाही. अलीकडे त्याचे खांब जीर्ण झाले, तेव्हा मंदिराच्या भिंतींना हात न लावता ते उतरवून नवे सागवानी खांब घालण्याचं काम हाती घेता आलं.

राहत्या वाड्याला खोली वाढवतानाही हेच तीन नियम पुरतात. वाढ आपल्या परंपरेला नवी नाही. जुनं घर खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. कुटुंब वाढलं की परड्याकडे खण वाढत.

अडचण आली ती सिमेंटबरोबर. मातीची भिंत ओल घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटचा गिलावा ती ओल आतच कोंडतो. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नवा पाया आणि जुनं जोतं सारखं खचत नाही, म्हणून दोन्ही घट्ट बांधले की भिंतीला तडा जातो.

आमच्या घरी हेच झालं. मागच्या भिंतीला चिकटून स्लॅबचं स्वयंपाकघर बांधलं. माजघरात दिवसाही दिवा लागू लागला आणि काही पावसाळ्यांत तुळईचं टोक कुजलं. वाटणीच्या बोलण्यात वाडाच पाडायचा विषय निघाला. तेव्हा आम्ही आधी ते स्वयंपाकघर पाडलं. भिंतीला पुन्हा चुन्याचा गिलावा केला, तुळईचं कुजलेलं टोक कापून सागवानाचा सांधा दिला. नवी खोली परड्यात, स्वतःच्या पायावर, वाड्याच्या वळचणीपेक्षा बुटकी बांधली. दोन्ही भिंतींत वीतभर फट ठेवून वर पत्र्याची पट्टी टाकली.

ऐतिहासिक वास्तूंविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेतही असाच विचार आहे: नव्या कामावर त्याच्या काळाची खूण दिसावी आणि त्याने मूळ वास्तूचा तोल बिघडवू नये.

वाटणीचं बोलणं अजून संपलेलं नाही. पण नवी खोली लागल्यापासून वाडा पाडायचा विषय पुन्हा कुणी काढलेला नाही, आणि माजघरात दुपारी दिवा लागत नाही.