गवत किती उंच हवं?

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. घरांची शेवटची रांग संपली की लगेच माळ सुरू होतो. तिसाहून अधिक राखीव टेकड्या आणि माळरानं शहराच्या मधोमध, कडेकडेनं मोकळी ठेवली आहेत. दिवस कलला की करडे कांगारू तिथे चरायला निघतात. त्यांची भावकी असलेली स्वॅम्प वॉलाबीही या टेकड्यांवर आहे, पण ती एकटी, झाडोऱ्यात दडून राहणारी. तिचा भर झुडपांच्या पाल्यावर. गवत फस्त करतो तो कांगारू. आणि या शहरातला सगळा पेच गवताचाच आहे.

गुडघे टेकून ते गवत जवळून पाहिलं पाहिजे. गवताचे ठोंब, ठोंबांमध्ये उघडी माती, मातीत एक बारीक बीळ. बीळ खणलं कोळ्यानं, राहतो मात्र सरडा! या सरड्याला बाहेरून कानाचं भोक दिसतच नाही. शेपटीसकट लांबी जेमतेम १५ सेंटीमीटर आणि बहुतेकांचं आयुष्य वर्षभराचं. गवत फार वाढलं तर त्याला ऊन खायला आणि किडे टिपायला मोकळी जागा उरत नाही. फार खुरटलं तर लपायला आडोसा नाही. त्याच माळावर गोल्डन सन मॉथ नावाचा पतंग आहे. प्रौढ झाल्यावर त्याला खाण्यासाठी तोंडच नसतं. काही दिवसांत जोडीदार शोधायचा आणि संपायचं. मादीला धड उडता येत नाही. ती जमिनीवर बसून सोनेरी पंख उघडते आणि वरून घिरट्या घालणाऱ्या नराला ते दिसावे लागतात. एवढ्याशा जिवांचा संसार गवताच्या उंचीवर तोललेला आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही उंची कोण राखतं? कांगारूच. म्हणजे ते नकोत असं नाही, बेतानं हवेत. पण डिंगो कुत्रे हटले, मूळ रहिवासी करत ती शिकार थांबली आणि चहूबाजूंनी रस्ते आले. कळप वाढतच जातो. २००० नंतरच्या लांबलेल्या दुष्काळात काही माळ पार खरवडले गेले आणि हे सरडे झपाट्यानं घटले. म्हणून तिथे कांगारू मोजतात: कधी माणसं रांगेनं माळ तुडवत जातात, कधी आखलेल्या तुकड्यांतल्या लेंड्या मोजतात. त्या जागेला पेलतील त्याहून जास्त भरले, तर २००९ पासून जवळपास दर हिवाळ्यात रात्री राखीव क्षेत्र बंद करून बंदुकीनं संख्या कमी केली जाते. जुलै संपायच्या आत हे उरकतात, कारण तोवर पिशवीतली पिल्लं लहान असतात. आई मारली की पिल्लूही मारावंच लागतं. प्राणीप्रेमींनी याविरुद्ध लवादात दाद मागितली. त्यांची कळकळ मला पटते, तरी खरवडलेला माळही मला डोळ्यांआड करता येत नाही.

कळप आवरण्याची दुसरी वाट मादीच्या शरीरातून जाते. सुमारे ३६ दिवसांच्या गर्भारपणानंतर घेवड्याच्या दाण्याएवढं पिल्लू जन्मतं. वजन एक ग्रॅमही नाही, डोळे मिटलेले, तरी पुढच्या पायांनी आईची लव धरत ते स्वतःच पिशवी गाठतं आणि आचळाला चिकटतं. जवळजवळ अकरा महिने ते तिथेच वाढतं. पिशवीतून बाहेर पडलेलं थोरलं भावंड अजून पीत असेल, तर आई शेजारशेजारच्या दोन आचळांतून दोघांना वेगवेगळ्या प्रतीचं दूध पाजते!

हे चक्र सुरू होतं मेंदूतून निघणाऱ्या एका संप्रेरकाच्या निरोपानं. अमेरिकेत तयार झालेली 'गोनाकॉन' ही लस शरीराला तो निरोप वाटेतच अडवायला शिकवते. मग बीजच सुटत नाही. कॅनबेरात ही लस बाणातून, लांबूनच टोचून पाहिली आणि एका डोसचा परिणाम काही वर्षं टिकतो असं दिसलं. पण लस टोचलेली मादी जगते, चरते. आज जितकी तोंडं गवतावर आहेत तितकी उद्याही राहतात, फक्त नवी भर पडत नाही. त्यामुळे कळप अजून बेतात आहे तिथे लस उपयोगी, आणि माळ आधीच खरवडला गेला आहे तिथे बंदूक अजून सुटलेली नाही.