जर्मनीतील नोकरीची कागदपत्रे : डिजिटल सही कुठे चालते, कुठे नाही

जर्मनीतील नोकरीचा करार बहुधा ईमेलने येतो. पुण्यात बसून पडद्यावर बोटाने सही केली की काम झाले. नोकरी सोडतानाही हीच पद्धत चालेल, असा समज त्यातून सहज रुजतो आणि तो महागात पडू शकतो.

बेमुदत नोकरीच्या कराराला जर्मन कायदा कोणत्याही विशिष्ट स्वरूपाची सक्ती करत नाही. तो तोंडी झाला तरी वैध असतो. मात्र काही दस्तऐवजांसाठी कायदा ‘श्रिफ्टफॉर्म’, म्हणजे कागदावरील स्वहस्ताक्षर मागतो. जर्मन नागरी संहितेच्या कलम १२६ व १२६-अ नुसार त्याची जागा क्वालिफाइड इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी घेऊ शकते; पण कायद्याने मनाई केली नसेल तरच. खरी मेख या अटीत आहे.

क्वालिफाइड स्वाक्षरी म्हणजे स्कॅन केलेली सही नव्हे, की बोटाने काढलेली रेघोटीही नव्हे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या आयडास नियमावलीनुसार, सही करणाऱ्याची ओळख पटवून मान्यताप्राप्त सेवेने दिलेल्या प्रमाणपत्रावर ती आधारलेली असते. ही ओळख व्हिडिओ कॉलवर पारपत्र दाखवून किंवा जर्मनीच्या निवास परवाना कार्डातील ऑनलाइन ओळख सुविधेने पटवता येते. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये साधी आणि क्वालिफाइड अशा दोन्ही सह्या उपलब्ध असू शकतात. केवळ कंपनीच्या नावावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय अशा दस्तऐवजाची छापील प्रत म्हणजे निव्वळ प्रत. स्वाक्षरी मूळ फाइलमध्येच असते.

मुदतीच्या नोकरीत हा फरक निर्णायक ठरतो. कराराची मुदत लेखी हवी, असे अंशकालीन व मुदतीच्या नोकऱ्यांविषयीच्या कायद्याचे कलम १४ सांगते. येथे क्वालिफाइड स्वाक्षरी चालते, पण ती दोन्ही पक्षांची हवी. बर्लिनच्या कामगार न्यायालयापुढे २०२१ मध्ये आलेल्या प्रकरणात करारावर इलेक्ट्रॉनिक सह्या होत्या, मात्र त्या क्वालिफाइड नव्हत्या. न्यायालयाने मुदतीची अट अवैध ठरवली. अशा वेळी करार रद्द होत नाही, उलट तो बेमुदत मानला जातो. म्हणजे मालकाच्या चुकीचा लाभ कर्मचाऱ्याला मिळतो. मात्र ठरलेली मुदत संपल्यापासून ३ आठवड्यांत न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. तोवर गप्प राहणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून काही नियम सैल झाले. नोकरीच्या अटींची लेखी माहिती आता बहुतेक क्षेत्रांत ईमेलनेही देता येते. बांधकाम, हॉटेल व्यवसाय अशी काही क्षेत्रे त्याला अपवाद आहेत. नोकरीचे प्रशस्तिपत्र, ‘त्सोयग्निस’, कर्मचाऱ्याच्या संमतीने क्वालिफाइड स्वाक्षरीसह देता येते.

कलम ६२३ मात्र जसेच्या तसे आहे. नोकरी संपवण्याची नोटीस आणि परस्परसंमतीने नोकरी संपवण्याचा करार या दोन्हींसाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूप स्पष्टपणे वगळले आहे. येथे सर्वांत भक्कम क्वालिफाइड स्वाक्षरीही निरुपयोगी. बंधन दोन्ही बाजूंना सारखेच : मालकाने ईमेलने दिलेली नोटीस जशी शून्यवत, तसाच कर्मचाऱ्याने ईमेलने पाठवलेला राजीनामाही. भारतात, जिथे राजीनामा ईमेलनेच देण्याची सवय जडलेली असते, तिथून आलेल्यांची फसगत येथेच होते.

समजा, करारात महिनाअखेरपर्यंतची ३ महिन्यांची नोटीस ठरली आहे. सही केलेला मूळ कागद ३० सप्टेंबरला मालकाच्या हाती पडला, तर नोकरी ३१ डिसेंबरला संपते. तोच २ ऑक्टोबरला पोहोचला, तर ३१ जानेवारीला. ईमेल २५ सप्टेंबरलाच पाठवला होता, या युक्तिवादाने तारीख मागे सरकत नाही. आणि नवी कंपनी १ जानेवारीला रुजू होण्याची वाट पाहत असते. मालक समजूतदार असेल तर दोघांच्या संमतीने लवकर सुटका होऊ शकते, पण तो करारही पुन्हा कागदावरच करावा लागतो.

म्हणून रजेवर नागपूरला गेलेल्या माणसाला जर्मनीतील नोकरी सोडायची असेल, तर स्वाक्षरीचा मूळ कागद कुरिअरनेच पाठवावा लागतो, तोही प्रवासाचे दिवस आधीच हिशेबात धरून. प्रत्यक्ष कार्यालयात देता आला तर अधिक चांगले. तेव्हा दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि स्वीकारणाऱ्याची सही घ्यावी, पेनाने.