ख्यातिमूल्य आणि जाणकारी : मासेमारी-साहित्याच्या जुन्या पेढ्यांचे बदलते दैव

एखादी जुनी पेढी विकली जाते तेव्हा तिचा मालसाठा, इमारत व येणे यांच्या बेरजेतून देणे वजा जाता जी रक्कम उरते, तिच्याहून अधिक किंमत खरेदीदार पुष्कळदा देतो. ही वरची रक्कम ताळेबंदात ‘ख्यातिमूल्य’ ह्या सदराखाली दाखविली जाते. हिशेबनिसाचे काम येथे संपते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे मात्र येथेच सुरू होते. ही जादा किंमत देऊन खरेदीदाराने नेमके काय विकत घेतले? पेढीचे नाव, की ते नाव ज्यामुळे झाले ती जाणकारी? नाव विकता येते हे उघड आहे. जाणकारी विकता येते काय, हा प्रश्न तितका सोपा नाही. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्लंड व अमेरिका या देशांतील मासेमारी-साहित्याच्या जुन्या पेढ्या फार उपयुक्त आहेत. हा व्यापार आकाराने लहान आहे. परंतु नाव आणि जाणकारी यांची फारकत त्यात जितकी स्पष्ट दिसते तितकी मोठ्या धंद्यांत क्वचितच दिसते.

प्रथम ह्या व्यापाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. ट्राउट, सामन इत्यादी मासे कृत्रिम माशीने पकडण्याचा छंद, म्हणजे फ्लाय-फिशिंग, हा साध्या गळाच्या मासेमारीहून निराळा आहे. साध्या गळात आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनाने दोर पुढे जातो. येथे पिसे, लोकर व रेशीम यांची आकड्याला बांधलेली माशी जवळजवळ वजनहीन असते. तिला पाण्यावर पोहोचविते ते दोराचेच वजन. म्हणून काठी, दोर आणि रीळ ही तिन्ही एकमेकांना जुळावी लागतात. शिवाय माशी ही कोणत्या तरी कीटकाचे सोंग असते, आणि कोणत्या नदीवर कोणत्या महिन्यात कोणता कीटक पाण्यातून वर येतो हे ठाऊक असल्यावाचून माशीची निवड करता येत नाही. नवशिक्या गिऱ्हाइकाला ह्यातले काहीच माहीत नसते. तो वस्तू मागावयास येतो. परंतु त्याला खरी गरज सल्ल्याची असते.

ह्यातूनच व्यापाराची मूळ अडचण उद्भवते. सल्ला देणारा माणूस पदरी बाळगणे खर्चाचे असते. उलट, चांगली काठी वा चांगले रीळ एकदा घेतले की वीस-तीस वर्षे टिकते. गिऱ्हाईक मोजके आणि त्याची मोठी खरेदी विरळा, अशा स्थितीत केवळ साहित्य विकून सल्ल्याचा खर्च भागत नाही. म्हणून ह्या धंद्यातील प्रत्येक मोठ्या पेढीला केव्हा ना केव्हा दुसऱ्या मालाचा, विशेषतः कपड्यांचा, आधार घ्यावा लागला. तो आधार कोणत्या मर्यादेत घेतला, यावर पुढचे दैव पुष्कळसे अवलंबून राहिले.

चार्ल्स ऑर्व्हिस याने १८५६ साली व्हरमाँट राज्यातील मँचेस्टर ह्या गावी मासेमारी-साहित्याचे दुकान काढले. त्याचा बंधू त्याच गावी हॉटेल चालवीत असे. त्यामुळे शहरांतून येणारे हौशी पाहुणे दुकानाला आयतेच लाभले. १८७४ साली ऑर्व्हिसने भोके पाडलेल्या बाजूंच्या हलक्या रिळाचे एकस्व मिळविले आणि पुढच्या अमेरिकन रिळांना ह्या रिळाने वळण लावले. तथापि पेढीचे सर्वांत महत्त्वाचे कार्य याहून वेगळे होते. चार्ल्सची कन्या मेरी ऑर्व्हिस मारबरी हिच्याकडे माश्या बांधणाऱ्या स्त्रियांच्या विभागाची देखरेख होती. त्या काळी एकाच माशीला गावोगाव निराळी नावे असत आणि एकाच नावाच्या माश्या गावोगाव निराळ्या असत. टपालाने मागणी आली की काय पाठवावे हा प्रश्न पडे. पेढीने देशभरच्या मासेमारांकडून त्यांच्या आवडत्या माश्यांविषयी पत्रे मागविली, आणि त्यांच्या आधारे मेरीने १८९२ साली रंगीत चित्रांसह एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने माश्यांची नावे व रूपे पुष्कळ अंशी निश्चित झाली. विखुरलेली जाणकारी दुकानात गोळा झाली आणि दुकानातून पुन्हा गिऱ्हाइकांकडे गेली. ऑर्व्हिसच्या ख्यातिमूल्याचा उगम ह्या देवघेवीत आहे.

इंग्लंडमध्ये असेच स्थान हार्डी बंधूंचे होते. नॉर्थंबरलंड परगण्यातील अ‍ॅनिक ह्या गावी विल्यम हार्डी याने १८७२ साली बंदुकांचे दुकान काढले. लवकरच त्याचा बंधू जॉन जेम्स येऊन मिळाला. जॉन जेम्स हा दोर फेकण्याच्या स्पर्धांत नावाजलेला होता. म्हणजे कारखानदार आणि वापरणारा एकाच घरात नांदत होते. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या त्यांच्या काठ्या आणि १८९१ च्या सुमारास विक्रीस आलेले ‘परफेक्ट’ नावाचे रीळ यांची कीर्ती साम्राज्यभर पसरली. हिंदुस्थानातील नद्यांत सापडणाऱ्या महाशीर माशासाठी लागणारे साहित्यही त्यांच्या सूचिपत्रात असे. नोकरीनिमित्त इकडे आलेले इंग्रज अधिकारी हे त्याचे गिऱ्हाईक. पुढे बांबूची जागा प्रथम काचतंतूंनी व नंतर कार्बन-तंतूंनी घेतली, आणि कुटुंबाच्या हाती असलेली ही पेढी १९६७ साली हॅरिस अँड शेल्डन ह्या उद्योगसमूहाकडे गेली. २०१३ साली ती प्युअर फिशिंग ह्या अमेरिकन कंपनीने घेतली. येथे नाव मासेमारीच्या धंद्यातच राहिले. मात्र मालकी आणि कारागिरीचे गाव यांची गाठ सुटली.

नाव आणि जाणकारी यांच्या संपूर्ण फारकतीचे उदाहरण न्यूयॉर्कच्या अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच ह्या पेढीचे आहे. डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी याने १८९२ साली ही पेढी सुरू केली. तंबू, पाठपिशव्या, मासेमारीचे साहित्य असा तिचा माल होता, आणि संशोधक, शिकारी, पाहणीदार असे अनुभवी लोक तिचे गिऱ्हाईक होते. एझरा फिच हा वकील त्यांपैकीच एक. १९०० साली तो भागीदार झाला. पेढी अनुभवी लोकांपुरती ठेवावी असे अ‍ॅबरक्रॉम्बीचे मत होते, तर सर्वसामान्य हौशी लोकांना तिच्याकडे ओढावे असे फिचचे. अखेर १९०७ साली अ‍ॅबरक्रॉम्बी बाहेर पडला. १९०९ साली फिचने ४५६ पृष्ठांच्या सूचिपत्राच्या सुमारे ५० हजार प्रती वाटल्या. त्या खर्चाने पेढी बुडण्याच्या बेतास आली, पण त्याच सूचिपत्राने मागण्यांचा ओघही सुरू केला. १९१७ साली पेढी मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील बारा मजली इमारतीत गेली. तळघरात नेमबाजीची जागा आणि गच्चीवर दोर फेकण्याच्या सरावासाठी तळे, अशी तेथे सोय होती. काठी विकत घेण्यापूर्वी ती चालवून पाहावी आणि जाणत्याकडून दोन गोष्टी शिकाव्या, हा त्या तळ्याचा अर्थ होता. थिओडोर रूझवेल्ट आणि अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्यासारखे लोक तिचे गिऱ्हाईक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. काचतंतूंच्या स्वस्त काठ्या, नायलॉनचा दोर आणि वापरण्यास सोपी नवी रिळे यांमुळे मासेमारीचा छंद लाखो लोकांच्या आवाक्यात आला. परंतु ही मंडळी उपनगरांतील सवलतीच्या दुकानांकडे वळली. शहराच्या मध्यभागी प्रचंड मालसाठा घेऊन बसलेल्या पेढीचा खर्च मात्र कमी झाला नाही. १९७६ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १९७७ साली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील दुकान बंद झाले. १९७८ साली टेक्सासमधील ऑशमन्स ह्या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याने तिचे नाव आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी सुमारे १५ लाख डॉलरना घेतली. १९८८ साली लिमिटेड ह्या तयार कपड्यांच्या कंपनीने हा धंदा ४ कोटी ७० लाख डॉलरना विकत घेतला. पुढे त्या नावाखाली तरुणांचे कपडे विकले जाऊ लागले आणि त्यांचा खप जगभर झाला.

ह्या दोन रकमांची तुलना करताना सावधगिरी अवश्य आहे. मधल्या दहा वर्षांत चलनाची किंमत घसरली होती आणि दुसऱ्या व्यवहारात चालू दुकानांचाही समावेश होता. तरीही एक गोष्ट निर्विवाद दिसते. १९७८ च्या व्यवहारात दुकान नव्हते, तळे नव्हते, विक्रेते नव्हते. ज्यांच्यामुळे नाव झाले होते त्यांतले काहीच नव्हते. तरी नावाला किंमत आली. आणि जाणकारीचे काय झाले? ती कोणी विकत घेतली नाही. ज्या विक्रेत्यांच्या हातांत ती होती त्यांच्याबरोबर ती पांगली. ताळेबंदात ती कधी नमूद नव्हती. म्हणून तिचा नाशही नोंदला गेला नाही.

ह्याच काळात ऑर्व्हिसने दुसरा मार्ग स्वीकारला. १९३९ साली कुटुंबाबाहेर गेलेली ही पेढी ली पर्किन्स याने १९६५ साली ४ लाख डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी त्याने मँचेस्टर येथे फ्लाय-फिशिंगचे शिक्षण देणारी शाळा काढली. दुसरीकडे सूचिपत्रात कपडे, भेटवस्तू, कुत्र्यांसाठी गाद्या असा माल वाढत गेला. म्हणजे फायदा कपड्यांतून व्हावा आणि त्यावर जाणकारी पोसली जावी, अशी ही रचना होती. नवशिक्यांना दुकानांत विनामूल्य धडे देणे, करपूर्व नफ्याचा पाच टक्के भाग निसर्गरक्षणास देणे, हेही त्या रचनेत बसत होते. कारण नदी नासली तर छंदही उरत नाही आणि दुकानही. १९९२ साली रॉबर्ट रेडफर्डने नॉर्मन मॅक्लीनच्या कथेवर काढलेल्या चित्रपटाने ह्या छंदाची लाट आणली, तेव्हा तिचा लाभ घेण्यास ही पेढी सज्ज होती.

विश्वास राखण्यालाही किंमत पडते, हे मेन राज्यातील एल. एल. बीन ह्या पेढीने दाखविले. १९१२ साली लिऑन बीन याने शिकाऱ्यांसाठी केलेल्या पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद जोड खराब निघून परत आले. त्याने सर्वांचे पैसे परत केले. ह्या एका वर्तनावर पेढीची पत उभी राहिली. शंभर वर्षे लोटल्यावर मात्र झिजून गेलेला माल परत करून पैसे मागण्याची प्रथा इतकी वाढली की, २०१८ साली पेढीला परतीची मुदत सामान्यतः एक वर्षापुरती आवळावी लागली. विक्रेता आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखतात तोवरच अमर्याद हमी परवडते, असा ह्याचा अर्थ घेता येईल.

इंटरनेटवरील खरेदीने जुना समतोल अधिकच ढळला. दुकानात जाऊन काठी हाताळावी, विक्रेत्याचा सल्ला घ्यावा आणि खरेदी अन्यत्र स्वस्तात करावी, हे सहज शक्य झाले. सल्ल्याचा खर्च एकाने सोसावा आणि विक्री दुसऱ्याने करावी अशी ही स्थिती होय. २०२० च्या महामारीत उघड्यावरच्या छंदांना मोठी मागणी आली, पण तिने रचनेतील दोष दूर झाला नाही. ऑर्व्हिसने २०२४ साली नोकरवर्गात सुमारे आठ टक्के कपात केली आणि छापील सूचिपत्र बंद करण्याचे ठरविले. २०२५ साली वाढत्या आयात-जकातीचा हवाला देऊन ३१ दुकाने व सवलतीच्या मालाची ५ दुकाने २०२६ च्या आरंभापर्यंत बंद करण्याचे तिने जाहीर केले. मासेमारी व शिकार ह्या मूळ विषयांकडे परतण्याचा तिचा मनोदय आहे. जो कपडा जाणकारीला पोसणार होता, त्यानेच पेढीचा आकार न पेलण्याइतका वाढविला होता, असे ह्या निर्णयावरून दिसते.

ह्या विवेचनावरून ख्यातिमूल्याविषयी एक अनुमान काढता येते. ते एकजिनसी नाही. त्याचा एक भाग नाव हा होय. तो सुटा करता येतो, विकता येतो आणि मूळ व्यवसायाशी संबंध न ठेवताही वाढू शकतो. दुसरा भाग जाणकारी हा होय. ती माणसांत आणि स्थळांत वसते, रोजच्या वापराने टिकते व वापर थांबताच ओसरते. हिशेबाच्या वहीला पहिला भाग दिसतो, दुसरा दिसत नाही. त्यामुळे संकटकाळी काटछाट करणारा व्यवस्थापक प्रथम हात घालतो तो दुसऱ्या भागाला. त्याची बचत त्याच वर्षी दिसते, आणि तोटा पुढच्या पिढीच्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला येतो.

सर्व तोटा पेढीचाच असतो असेही नाही. बंद झालेल्या दुकानाच्या गावी एखादा मुलगा नदीवर जाऊ इच्छीत असेल, तर कोणती माशी बांधावी हे त्याला आता यंत्राच्या पडद्यावर वाचावयास मिळेल. परंतु त्याने टाकलेला दोर पाण्यावर वेडावाकडा का पडतो, हे त्याच्याजवळ उभे राहून सांगणारा माणूस तेथे नसेल. त्या माणसाचे वेतन कोणी द्यावे, हा ह्या व्यापारातला प्रश्न मेरी मारबरीच्या काळी जितका जिवंत होता तितकाच आजही आहे.